चालू मोटरचा कंडेन्सर

जोतिरामने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. वाटेत थेंबही सांडला नाही.

विजयमाला गॅसपाशी उभी राहून बघत होती. तव्यावरची भाकरी फुगली, तिच्या कडेने वाफ सुटली, तरी तिची नजर जोतिरामच्या बोटांवरून हलली नाही. त्याच्या शर्टाची सगळी बटणं लावलेली होती, गळ्याचंसुद्धा. गळ्याचं बटण किती त्रास देतं हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याचं, सयाजीचं ती रोज लावायची.

"आक्का, भाकरी करपली की वो," जोतिरामची बायको तानाबाई हसत म्हणाली.

"असू दे. ती मी खाईन."

सयाजी भिंतीला पाठ टेकून बसला होता. त्याच्या ताटात भाकरी कुस्करून कालवून ठेवलेली होती. पाहुण्यांसमोर बायकोच्या हातून घास घ्यायला नको म्हणून तो भूक नसल्याचं सांगत होता. उजवा हात त्याने मांडीखाली दाबला होता, तर आता मांडी हलत होती.

"परवा तर शेरडाचं दूध काढलं ह्यांनी," तानाबाई सांगू लागली. "मी म्हनलं, अवो, सांडचाल. तर मलाच म्हनत्यात, तूच सांडतीस रोज! ऐका." तिने पदर तोंडाला लावला, पण हसू त्याच्या बाहेर आलंच. "सयाजीदादा, तुमचं बी हुईल बगा. आमी बिरोबाला बोललाव. तुमी बी बोला की कुनाला तरी, आक्का."

"बोललोय," विजयमाला म्हणाली. तिने कुठल्याच देवाला नवस बोलला नव्हता.

दोघांनाही कंपवात. दोघांचंही ऑपरेशन सात रस्त्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात, एकाच आठवड्यात झालेलं. डोक्याच्या हाडाला भोक पाडून मेंदूत खोलवर बारीक तारा सोडल्या होत्या. त्या मानेतून खाली आणून छातीच्या कातडीखाली काडेपेटीएवढ्या डब्याला जोडल्या होत्या. मशीन नवीन होतं आणि कंपनी त्याचा अभ्यास करत होती. तारा आणि डबा सगळ्यांना बसवायचा, पण पहिले सहा महिने त्यातल्या निम्म्याच लोकांचा डबा चालू ठेवायचा. कोणाचा चालू आणि कोणाचा बंद, हे पेशंटला सांगायचं नाही आणि डॉक्टरांनाही कळू द्यायचं नाही. सहा महिन्यांनी उरलेल्यांचाही चालू होणार होता. असं केल्याशिवाय आलेला गुण मशीनचा की मनाचा, हे ओळखता येत नाही, असं दवाखान्यातल्या अंकिताने सही घेताना समजावून सांगितलं होतं. अभ्यासाचं सगळं तीच बघायची.

सही करताना विजयमालेला वाटलं होतं, आपल्याच माणसाचा चालू असेल. तानाबाईलाही तसंच वाटलं असणार.

वॉर्डात त्यांच्या कॉट शेजारी शेजारी होत्या. मंगळवेढ्याच्या पुढे मेंढरं राखणारं ते जोडपं शहराला बिचकलेलं होतं. तानाबाईला लिफ्टमध्ये पाऊल टाकायची भीती वाटायची. विजयमालेने तिचा हात धरून तिला वर-खाली नेलं, कॅन्टीन दाखवलं, रडली तेव्हा तिच्याजवळ बसून राहिली. तेव्हापासून तपासणीच्या दिवशी ते दोघे दवाखान्यातून इकडे यायचे, जेवायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचे. प्रत्येक खेपेला जोतिराम थोडा अधिक सरळ चालत यायचा. गेल्या महिन्यात त्याने तानाबाईच्या डोक्यावरचं बोचकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. विजयमालेने ते दारातूनच पाहिलं आणि त्या दिवशी तिच्या आमटीत मीठ जास्त झालं.

जेवण झाल्यावर दोघे पुरुष पुढच्या खोलीत पंख्याखाली आडवे झाले. ही खोली म्हणजे सयाजीचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. तिथे आता टेबलफॅन आणि मिक्सर तेवढे यायचे. त्यांच्या कॉइल विजयमाला भरायची. पाण्याच्या मोठ्या मोटरी लोक दुसरीकडे नेत. तानाबाई नको नको म्हणत असताना भांडी घेऊन मोरीत बसली आणि तिथूनच काहीतरी गुणगुणू लागली.

खुंटीला दोन राखाडी पिशव्या टांगलेल्या होत्या. दोन्ही कंपनीच्या; तपासणीला जाताना त्या सोबत न्याव्या लागायच्या. दोन्हींत चार्जर होता, बशीएवढी एक तबकडी आणि तिची वायर. दर सोमवारी ती तबकडी छातीवरच्या डब्यावर धरून बसायचं. डबा चालू असो की बंद, चार्जिंग सगळ्यांनीच करायचं होतं. हिरवा दिवा लागायचा, तबकडी कोमट व्हायची, शेवटी बारीक आवाज यायचा.

विजयमाला पिशव्यांकडे बघत राहिली.

मोटर फिरत नसली की ती मोटरच जळाली आहे की तिला सुरू करणारा कंडेन्सर तेवढा गेलाय, हे बघायची सयाजीची एक रीत होती. नवा कंडेन्सर आणायला तो कधी धावायचा नाही. शेजारच्या चालू मोटरचा काढायचा आणि बंद मोटरला लावायचा. फिरली, तर मोटर चांगली. विजयमालेने हे आयुष्यभर पाहिलं होतं, कितीदा स्वतःही केलं होतं. चालू मोटर तेवढ्यापुरती बंद राहायची. तिला त्याने काही होत नसे.

तिने दोन्ही पिशव्या खाली घेतल्या. एकीच्या बंदाला तानाबाईने हिरव्या चोळीची चिंधी बांधली होती, ओळखू यावी म्हणून. विजयमालेने चिंधी सोडली, दुसऱ्या पिशवीला बांधली. मोरीत भांडी वाजत होती. पिशव्या तिने पुन्हा खुंटीला लावल्या.

संध्याकाळी पाहुण्यांना एसटीत बसवून ती परतली तेव्हा सयाजी दुकानातच बसला होता.

"जोतिरामचं चार्जर ठेवून घेतलंय," ती म्हणाली. "आपलं त्यांच्या पिशवीत घातलं."

त्याला कळायला जरा वेळ लागला. "चोरी केलीस?"

"बदलून बघितलं. तुमी न्हाय का बदलत?"

"ती मोटर असती, विजे."

"मग तुमी कोन हाय? बसा असंच. तो शेळ्यांचं दूध काढतोय आन् तुमाला मी घास भरवती. आपलंच चार्जर खराब असंल तर? कोन बघितलंय?"

तिने पिशवीतून तबकडी काढली. तो तिच्याकडे न बघता थोडा मागे रेलला आणि तिला शर्टाची बटणं सोडू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "आज हात हलका वाटतोय."

तिने चहाची बशी त्याच्यापुढे ठेवली आणि हात मागे घेतला. त्याने बशी उचलली. ती कडेला थोडी हिंदकळली, पण ओठापर्यंत गेली. आठवडाभरात तो स्वतः चमचा धरू लागला. दुकानाच्या फळीवर बसून त्याने एका टेबलफॅनची कॉइल भरायला घेतली. वेढे पूर्वीसारखे नव्हते, एखादा ढिला पडायचा. पण तार तोच ओढत होता. विजयमाला त्या दिवसांत दुकानाचं शटर पूर्ण वर करून ठेवायची. रस्त्यावरून ओळखीचं कुणी गेलं की हाक मारून थांबवायची.

तानाबाईचा विचार तिच्या मनात येत नव्हता असं नाही. यायचा. फक्त तो आला की ती पुढच्या कामाला लागायची.

पुढच्या सोमवारीही तिने तबकडी लावली. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी फोन आला.

"आक्का, ह्यांचं परत सुरू झालंया." तानाबाईचा आवाज इतका बारीक झाला होता की विजयमालेने पहिल्यांदा ओळखलाच नाही. "आदी हात. आता पाय बी उचलना. काल अंगनात पडलं. पानी पाजलं तर ठसका लागतुय. मी लावतीया की वो चार्जर, आता तर रोज लावतीया. हिरवा दिवा बी लागतुय. माजं काय चुकतंय का?"

"अंकिता मॅडमला फोन केला?"

"लावला, उचलला न्हाय. कामात असत्याल. तुमी जवळ हाय, जाऊन सांगता का?"

"सांगते," विजयमाला म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिला बरं वाटत होतं. जड ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं की मानेला वाटतं, तसं. त्यात हिशेबही बरोबर जुळत होता. चार्जर तिकडे गेलं आणि बिघाडही तिकडे गेला. म्हणजे खोट चार्जरमध्ये होती, सयाजीमध्ये नव्हती. सयाजीचा डबा चालू होता. पहिल्यापासून चालूच होता आणि कंपनीने त्यांना खराब चार्जर दिलं होतं.

हे सांगायला ती दवाखान्यात गेली. भांडायच्याच तयारीने गेली.

अंकिताने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा मध्येच कुठेतरी बदलला, पण विजयमाला बोलत राहिली. "म्हनून म्हनते, मॅडम, आमाला नवीन चार्जर द्या. खराब होतं ते आता जोतिरामकडं गेलंय, त्यांना बी द्या."

"काकू, बसा." अंकिताने दार लोटलं. "कोणतंच चार्जर खराब नाहीये. प्रत्येक चार्जर फक्त स्वतःच्याच डब्याला चार्ज करतं. आत नंबर जुळवलेला असतो. दुसऱ्याच्या छातीवर ते नुसतं गरम होतं."

"मग हिरवा दिवा?"

"दिवा सगळ्यांना सारखाच ठेवलाय. दिव्यावरून कुणाला कळू नये, म्हणून." ती थांबली. "चुकीचं चार्जर लावलं तरी तो लागतो, हे आम्ही लक्षात घ्यायला हवं होतं."

विजयमालेने पुन्हा हिशेब मांडला. जोतिरामच्या डब्यात या दिवसांत काही गेलं नाही आणि तो पडला. सयाजीच्या डब्यातही काही गेलं नाही, तरी त्याचं काही बिघडलं नाही.

"ह्यांना तर बरं वाटलं," ती म्हणाली. "बशी उचलली ह्यांनी. कॉइल भरली."

अंकिताने समोरची फाईल मिटली.

"म्हंजे आमचा बंदच हाय."

"मला माहीत नसतं, काकू. खरंच."

"आता माहीत झालं की. तुमाला बी, मला बी." विजयमालेचा आवाज चढला. "डोक्याला भोक पाडलं ते खरं, तारा घातल्या त्या खऱ्या, आन् डबा तेवढा बंद. आमचा बंद आन् त्यांचा चालू, हे कुनी ठरवलं?"

"कॉम्प्युटरने. चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं ते. तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही सही केली होती."

"केली की. आमचा चालू असंल म्हनून केली."

अंकिताने मान खाली घातली. मग ती झटकन उठली, फोन लावला आणि जोतिरामच्या घरी सांगितलं, की चार्जरची अदलाबदल झालीय, तुमचं घेऊन माणूस निघतोय, तोवर तोंडाने पाणीही पाजू नका. फोन ठेवून ती विजयमालेकडे वळली.

"पिशव्या सारख्याच दिसतात, काकू. घाईत बदलल्या गेल्या असतील. तसं असेल तर ती आमची चूक धरतात, आणि दोघंही अभ्यासात राहतात. सयाजीकाकांचा डबा ठरल्या वेळी चालू होईल."

"आन् घाईत नसंल तर?"

"मुद्दाम बदलणाऱ्याला अभ्यासातून काढतात. मग चालू करणं आमच्या हातात राहत नाही." ती अडखळली. "मी अजून काही लिहिलेलं नाही. तानाबाईंशी बोलून मग लिहिते. आधी तुम्ही चार्जर घेऊन जा."

विजयमाला पिशवी घ्यायला घरी आली. सयाजी फळीवर बसून तार ओढत होता. खोटं काय सांगावं याचा विचार तिने रस्ताभर केला होता. त्याला पाहिल्यावर ते जमलं नाही.

"त्या चार्जरनं तुमच्या डब्यात काय जातच न्हवतं," ती म्हणाली. "जोतिरामचा डबा रिकामा झालाय. पडलाय तो."

सयाजीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात काही क्षण तसाच स्थिर होता. मग तारेचं टोक हललं, त्यामागून बोट हललं आणि तार वेढ्यातून सुटली. त्याने कॉइल फळीवर ठेवली. ठेवताना ती खाली पडली.

"म्हंजे हे मीच करत होतो?" त्याने विचारलं.

तिने खाली पडलेली कॉइल उचलली आणि त्याच्याकडे बघितलं.

"जा मग. पिशवी घे. हितं माज्या तोंडाकडं काय बघतीस? गाडी चुकंल."

एसटीत तिने पिशवी मांडीवर धरली होती. खिडकीबाहेर ज्वारी काढून मोकळी झालेली रानं होती. घाईत बदलली. दोनच शब्द होते. ती ते मनात म्हणून बघत होती.

तानाबाईच्या घरासमोर माणसं जमली होती. जोतिराम ओसरीवर लोखंडी कॉटवर होता. त्याचा हात कॉटच्या कडेवर आपटत होता आणि त्याचा एकसारखा आवाज येत होता. मध्ये घोंगडीची घडी ठेवली होती, ती सरकून पडली होती. तानाबाई उंबऱ्याशी खाली मान घालून बसली होती आणि तिचा थोरला दीर कल्लप्पा तिच्यासमोर उभा होता.

"एक पिशवी संबाळाय येत न्हाय तुला! चिंदी बांदली म्हनं. डोळं कुटं होतं तुजं? भावाला मारलं असतंस की माज्या."

तानाबाईने विजयमालेला पाहिलं. "आक्का, मीच गडबडीत तुमची पिशवी उचलली जनू," ती म्हणाली. "तुमच्या घरातनं निगताना बगाय पायजे हुतं. रोज लावली वो मी. रोज." तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "आता मी न्हाय हात लावायची त्या मशीनला. तुमीच लावा."

तिच्या तोंडावर हसू कुठेच नव्हतं. गेले काही महिने विजयमालेला ते हसूच सहन होत नव्हतं.

तिने तबकडी काढली, वायर बोर्डात लावली. जोतिरामच्या शर्टाची बटणं उघडीच होती. डब्याचा उंचवटा चाचपून तिने तबकडी त्यावर धरली. हिरवा दिवा लागला.

तेवढ्यात फोन वाजला. कल्लप्पाने आवाज मोठा करून तो मध्ये धरला.

"पोचल्या का काकू? बरं झालं," अंकिता म्हणाली. "तानाबाई, मला एवढंच लिहायचंय. त्या दिवशी निघताना घाईत पिशव्या बदलल्या, बरोबर?"

"व्हय, ताई," तानाबाई म्हणाली. "माज्याच हातनं झालं."

"सांगितलं की तिनं," कल्लप्पा म्हणाला. "लिवा. अडानी बाई हाय."

विजयमालेचा हात तबकडीवर होता. तिच्याखाली जोतिरामची छाती भराभर वर-खाली होत होती.

"अंकिता मॅडम," ती म्हणाली, "तानाबाईनं काय केलेलं न्हाय. चिंधी मी सोडली आन् दुसऱ्या पिशवीला बांधली. त्या भांडी घासत होत्या."

कॉटच्या कडेवर हात आपटत होता तेवढाच आवाज.

"काकू, नीट आठवा," फोनमधून अंकिता म्हणाली. "घाईत..."

"घाई न्हवती मला. लिवा तुमी."

फोन बंद झाला. कल्लप्पाने एक शिवी हासडली, ती नेमकी कुणाला ते त्यालाही ठरवता आलं नाही, आणि तो अंगणात उतरला. माणसंही पांगली.

तानाबाई विजयमालेकडे बघत राहिली. "का वो, आक्का?"

"तुमचे सोता भाकर खात होते," विजयमाला म्हणाली. "आन् आमचे बघत होते."

तानाबाई उठली. ती मारेल असं विजयमालेला वाटलं. तिने खाली पडलेली घोंगडीची घडी उचलली, कॉटच्या कडेवर नवऱ्याच्या हाताखाली नीट बसवली आणि मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीकडे निघून गेली. पुष्कळ वेळ परत आली नाही.

विजयमाला एका जागी बसून राहिली. तबकडी जरा सरकली तरी चार्जिंग तुटायचं, म्हणून ती भिंतीलाही टेकली नाही. दंड भरून आला. घोंगडीवर हात आपटत होता. मग त्या आपटण्यात अंतर पडू लागलं, आणि उन्हं भिंतीवरून उतरत होती तेव्हा ते थांबलं. जोतिरामने बोटं एकदा मिटली, उघडली.

"पानी," तो म्हणाला.

तानाबाई कुठून तरी धावत आली. तिने तांब्या त्याच्या ओठाशी नेला, तर त्याने तो आपल्या हातात घेतला आणि थांबत थांबत, ठसका न लागता प्यायला. तानाबाई तोंडाला पदर लावून त्याच्या पायाशी बसली. विजयमालेकडे तिने पाहिलं नाही.

जोतिरामचा चेहरा या आजाराने लाकडासारखा झालेला होता. त्याला मघाचं सगळं ऐकू गेलं होतं की नाही, हे त्यावरून कळत नव्हतं.

"सयाजीदादांचं कवा चालू करत्यात?" त्याने विचारलं.

"करतील की," विजयमाला म्हणाली.

चार्जिंग अजून व्हायचं होतं. तबकडी जागची न हलू देता तिने हात बदलला.